डाव्या हाताची विद्या

वस्तऱ्याने आपली दाढी आपणच करण्याची विद्या ज्याला संपादन करावयाची असेल त्याने ती मिसरूड फुटण्याच्या वयात, गाल घट्ट, हात चपळ आणि दृष्टी निर्मळ असतानाच करावी, असा एक सार्वत्रिक समज आहे. आणि साठी उलटून गेल्यावर, गालांची कातडी हनुवटीच्या दोहो अंगांना उतरली असता व मानेवर घड्या पडल्या असता, कोणी वृद्ध गृहस्थ हा उद्योग नव्याने आरंभू लागला तर घरातली माणसे चिंताक्रांत होतात. महसूल खात्यातील माझी नोकरी संपून बराच काळ लोटल्यावर मी तो आरंभिला. बारामतीच्या कसब्यातील एका वयोवृद्ध नाभिक कारागिरांकडे त्याचे प्राथमिक पाठ घेतले, आणि पुढे इंदापुरात व त्या तालुक्यातील बाजारगावांत ज्यांनी पूर्वी अखंड पात्याचा वस्तरा चालविला होता अशांना गाठून माझ्या शंकांचे निरसन करून घेतले. या साऱ्या खटाटोपातून माझी जी खात्री झाली ती अशी की सैल कातडी हे या विद्येतील विघ्न नसून तोच तिचा गाभा होय. घट्ट गालावर वस्तरा चालविणे थोड्या सरावाने कोणालाही साधेल; वृद्धाच्या गालावर तो चालविण्यासाठी जे ज्ञान लागते ते पाते धरणाऱ्या उजव्या हाताचे नसून रिकाम्या डाव्या हाताचे असते, आणि ज्यांच्या बोटांत ते मुरले आहे ती पिढी आता सत्तरीच्या पलीकडे गेलेली आहे.

वार्धक्यात चेहऱ्याचे काय होते ते प्रथम पाहिले पाहिजे. त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन नावाचे प्रथिन प्रौढ वयात दरवर्षी सुमारे 1 टक्का या गतीने घटत जाते, ताणलेली कातडी पुन्हा आपल्या जागी आणणारे इलॅस्टिनचे तंतू जीर्ण होतात, गालांतील मेदाचे थर झिजतात व खाली सरकतात; आणि ज्याचे दात पडले त्याच्या जबड्याचे हाड, दात धरून ठेवण्याचे कार्यच उरले नसल्यामुळे, हळूहळू विरत जाते. म्हणजे आतला सांगाडा लहान होतो आणि वरचे आच्छादन मात्र सैल होऊन जास्तीचे उरते. ही जास्तीची कातडी जबड्याच्या कडेवर, ओठांच्या कोपऱ्यांखाली आणि कंठाच्या दोन्ही बाजूंना साचते. केस आपला शिरस्ता सोडीत नाहीत. दिवसाला पाव ते अर्धा मिलिमीटर या हिशेबाने ते वाढतच राहतात, आणि ज्या घडीत पात्याचा प्रवेश होत नाही तेथे त्यांचे खुंट तसेच राहून जातात. पांढरे झाल्यामुळे फेसात ते डोळ्यांना दिसत नाहीत, बोटाने चाचपूनच त्यांचा ठाव घ्यावा लागतो. आपल्या वयाच्या अनेक गृहस्थांच्या मानेवर, स्वच्छ धुतलेल्या सदऱ्याच्या वर, असे चुकलेले केसांचे पुंजके मी पाहतो तेव्हा मला त्यांत आळस दिसत नाही. आपल्या हातातील साधन आपल्या बदललेल्या मुखाशी जुळेनासे झाले, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

साधनाची ही कथा फार जुनी नाही. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थाने टाकाऊ पात्याचे सुरक्षित यंत्र 1903 साली विक्रीस काढले, तेव्हा पहिल्या वर्षी त्याची अवघी 51 यंत्रे खपली; परंतु पुढच्याच वर्षी तो आकडा 90,000 वर गेला, आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या शिपायांसाठी लक्षावधी यंत्रांची मागणी नोंदविल्यानंतर घरोघरच्या पुरुषांनी आपली दाढी आपण करण्याची चाल जगभर रूढ झाली. यंत्राची योजना घट्ट गालांच्या तरुण शिपायासाठी उत्तम होती. पाते किती बाहेर यावे व किती कलावे हे कारखान्यातच मुकरर झाल्यामुळे हाताला काही ठरवावे लागत नाही. परंतु ज्या मुखावर प्रत्येक बोटाच्या अंतरावर भूमी बदलते त्या मुखावर हीच सोय अडचण होऊन बसते. हल्लीची तीन ते पाच पात्यांची यंत्रे तर घडीच्या माथ्यावरून सरकून जातात, किंवा पात्यांमधील फटीत सैल कातडी शिरून तेथे ओळीने ओरखडे उमटतात. उघड्या एका पात्याचा कल हाताला क्षणोक्षणी बदलता येतो आणि त्याची धार कोठे टेकली आहे हे डोळ्यांना दिसते. वृद्धाला हवे असते ते नेमके हेच.

हे ज्ञान ज्यांच्याकडे वंशपरंपरेने होते ते गावचे न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक होत, आणि बलुत्याच्या तीन कासांपैकी, म्हणजे दर्जांपैकी, मधल्या कासेत त्यांची गणना होत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे जे वर्णन आहे ते वाचले म्हणजे लक्षात येते की वर्षभराच्या सेवेचा मोबदला सुगीला खळ्यावर धान्यरूपाने मिळण्याची वहिवाट हाच तिचा पाया होता. या वहिवाटीचा एक परिणाम असा की एकाच घरातील तिन्ही पिढ्यांची मुखे एकाच हाताखालून जात. ज्या पाटलाचे पहिले जावळ न्हाव्याच्या बापाने काढले त्याच पाटलाची म्हातारपणची दाढी मुलगा करी. तो चेहरा कोठे आणि कसा उतरत गेला हे त्याच्या बोटांना ठाऊक असे. मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. गावच्या न्हाव्याचा वस्तरा महार-मांगांच्या मुखाला लागत नसे; त्या वस्त्यांतील पुरुषांना आपली सोय आपसांत करून घ्यावी लागे, आणि जी विद्या त्यांना गावाने नाकारली ती त्यांनी आपली आपण मिळविली. तसेच, विधवांच्या केशवपनाला हात न लावण्याचा निश्चय मुंबईतील नाभिकांनी 1890 च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने केला, ही गोष्टही या वस्तऱ्याच्या इतिहासात अभिमानाने नोंदविली पाहिजे. वस्तरा कोठे चालवू नये हे जाणणारी माणसेही या जातीत होती.

आमच्या भागात ही व्यवस्था मोडली ती कायद्याने किंवा उपदेशाने जितकी मोडली त्याहून अधिक पाण्याने मोडली, असे माझे मत आहे. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास वाहू लागला. जिरायती ज्वारी-बाजरीच्या शेतांत हळूहळू ऊस उभा राहिला. 1930 नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांच्या नावाने वालचंदनगर वसले, आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव व भवानीनगर येथे सहकारी साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. उसाला खळे नसते. तो फडातून थेट कारखान्याच्या काट्यावर जातो आणि त्याचे मोल बँकेच्या खात्यात रुजू होते. तेव्हा ज्या राशीतून बलुतेदाराचे सूप भरावयाचे ती रासच नाहीशी झाली, आणि न्हाव्याने धोकटी उचलून पेठेत दुकान थाटले. पुढे उजनी धरणाच्या जलाशयाखाली भीमेकाठची गावे गेली, तेव्हा उरलीसुरली वतनी नातीही विखुरली. यात न्हाव्याचे अकल्याण झाले असे मी म्हणणार नाही. रोकड मिळू लागली, उन्हातान्हात वाडीवस्ती हिंडणे सरले, आणि कोणाच्या ओसरीवर बोलावण्याची वाट पाहत बसण्याची लाचारी गेली. गमावले ते एवढेच की तिन्ही पिढ्यांच्या मुखांशी असलेला जन्मभराचा परिचय राहिला नाही, आणि त्या परिचयाबरोबर म्हाताऱ्याच्या दाढीला लागणारा वेळही गेला.

माझे शिक्षक, ज्यांना मी अण्णा म्हणतो, त्यांचे घर कऱ्हेच्या काठापासून फार दूर नाही. ज्या बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कवी मोरोपंत बारामतीस राहिले आणि 1794 साली येथेच निवर्तले, त्या नाईकांचा वाडा याच नदीवर उभा आहे. अण्णांच्या भिंतीवर संत सेना महाराजांची तसबीर असून श्रावण वद्य द्वादशीला, महाराजांच्या पुण्यतिथीस, ते हत्यारांची पूजा मांडतात. धोकटी त्यांनी अद्याप मोडलेली नाही. तिच्यात दोन वस्तरे, एक जुनी कातर, नराणी, वाटी, धार लावण्याची काळसर गुळगुळीत पथरी आणि वापरून मऊ झालेले चामोटे अशी सामग्री आहे. पैकी एका वस्तऱ्याच्या पात्यावर जर्मनीतील झोलिंगेन या गावाचा छाप असून तो त्यांच्या वडिलांनी विकत घेतला होता. मी प्रथम गेलो तेव्हा त्यांनी माझ्या हाती वस्तरा दिला नाही. आरशासमोर बसवून ते मला म्हणाले, “नाना, उजवा हात इसरा. डाव्यानं नुसतं कातडं हलवून बघा, कुठवर जातंय ते.” पुढे कित्येक दिवस माझा अभ्यास एवढाच होता: कोरड्या बोटांनी आपल्या मुखाची मोजणी करणे, कोणती घडी कोणत्या बाजूस ओढली असता निघते, कोठली कातडी हाडावर चढते आणि कोठली चढत नाही, केस कोठे खाली वळले आहेत आणि मानेवर त्यांचा भोवरा कोठे फिरतो, हे सारे पाठ करणे.

या मोजणीतून जो पहिला सिद्धांत हाती आला तो मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. जबड्याच्या कडेवर वस्तरा चालवावयाचाच नसतो. कड ही वक्र, तिच्यावर कातडी सैल, आणि खाली हाड टणक. अपघात व्हावयाचा तो तेथेच. म्हणून डावा हात डोक्यावरून किंवा बाजूने नेऊन बोटे कानाच्या पुढे रोवावी, आणि गाल वर व मागे असा ओढावा की हनुवटीच्या बाजूस लोंबणारी कातडी चढत चढत गालफडाच्या सपाटीवर येईल. मग तेथे ती शांतपणे करावी. तरुणाला हे साधत नाही, कारण त्याची कातडी इतकी सरकतच नाही. वृद्धाची सरकते, बोटभर किंवा दोन बोटे सहज सरकते, आणि म्हणून जी जागा तरुणाला कडेवरच करावी लागते ती वृद्धाला सपाटीवर आणून करता येते. ज्याला आपण वार्धक्याचे उणे समजतो ते येथे चक्क उपयोगी पडते, हे मला जेव्हा प्रथम उमगले तेव्हा झालेला आनंद मी विसरणार नाही.

दुसरा सिद्धांत घड्यांविषयीचा. सतरंजीची सुरकुती काढताना आपण सुरकुतीवर हात फिरवीत नाही, तिच्या आडव्या दिशेने सतरंजीचे टोक ओढतो. मानेच्या घड्यांचेही तसेच आहे. आडव्या घड्या काढण्यासाठी हनुवटी वर करून बोटे गळ्याच्या हाडावर टेकवावी व कातडी खाली ओढावी. परंतु उतारवयात कंठाच्या दोन्ही अंगांना ज्या उभ्या दोऱ्या ताणल्या जातात त्या खाली ओढल्याने उलट अधिक वर येतात, त्यांना बाजूसच ओढले पाहिजे आणि मान विरुद्ध दिशेस किंचित वळविली पाहिजे. कंठमण्यावर पाते नेण्याचे कारणच नाही. त्यावरील कातडी बोटाने डावीकडे सारावी, तेथील केस करून घ्यावे, मग उजवीकडे सारावी. ओठांवरील जागेसाठी वरचा ओठ दातांवर ताणावा लागतो. ज्याला कवळी आहे त्याने ती बसवूनच दाढीस बसावे, आणि ज्याला दात नाहीत व कवळीही नाही त्याने जीभ आतून लावून त्या जागेला आधार द्यावा. डावा हात सतत कोरडा हवा. फेसाने निसरडी झालेली बोटे ऐन वेळी सुटतात आणि ताणलेली कातडी उघड्या पात्याखाली परत येते. म्हणून अण्णांचा दंडक असा की पकडीपुरती जागा फेसाविना ठेवावी, खांद्यावर कोरडे फडके असावे, आणि बोटांना तुरटीचा खडा चोळून घ्यावा.

वस्तरा धरण्याविषयी पुष्कळ लिहिण्यासारखे नाही. तीन बोटे पात्याच्या मानेवर, करंगळी मागच्या शेपटीवर, अंगठा खालून. पाते मुखाशी सुमारे 30 अंशांचा कोन करील असे, आणि कातडी जितकी सैल तितके ते अधिक निजते ठेवावे. फटकारे आखूड असावे. पाते केवळ धारेच्या समोर जावे, धारेच्या लांबीत कधीही सरकू नये. तसे सरकले की ते केस सोडून कातडी कापते. केसांच्या कलाने एकदा फिरवावे आणि थांबावे. तरुणाला गुळगुळीतपणाचा सोस असतो, त्यासाठी तो केसांच्या उलट दिशेनेही पाते फिरवितो. पातळ झालेल्या त्वचेला तो सोस झेपत नाही, आणि सुरकुतलेल्या मानेवर तर केस आत वळून त्यांच्या पुटकुळ्या होतात.

धारेचा प्रांत मात्र एक स्वतंत्र शास्त्र आहे. पोलाद केसाहून सुमारे 50 पट कठीण असते, तरी केसच अखेर पोलादाची धार बोथट करतो, ही गोष्ट कारागिरांना शतकानुशतके ठाऊक होती. ती कशी घडते याचा उलगडा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाढी कापून पाहून 2020 साली प्रसिद्ध केला. धार सावकाश झिजत नाही. केस एका विशिष्ट कोनात वाकला आणि पोलादाच्या घडणीतील दुबळी जागा नेमकी त्याच्या कडेशी आली, म्हणजे धारेचा बारीकसा टवका उडतो, असे त्यांना आढळले. केस जितका मऊ करून कापावा तितकी धार टिकते, हा अण्णांचा आग्रह त्यामुळे मला अधिक पटला. पूर्वीचे न्हावी साबण वापरीत नसत. समोरासमोर उकिडवे बसून, गिऱ्हाइकाच्या हाती आरसा देऊन, नुसते पाणी बोटांनी बराच वेळ चोळीत. त्या चोळण्यात केस पाणी पिऊन नरम होत आणि कारागिराच्या बोटांना त्या दिवशीच्या मुखाची ओळखही पटे. पथरीवर वस्तरा घासताना त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकलेली ठेवावयाची असतात, त्यामुळे धारेचा कोन वस्तऱ्याच्या घडणीनेच ठरून जातो आणि हाताला फक्त दाब सम ठेवावा लागतो. दगडावर धार पुढे चालते, चामोट्यावर पाठ पुढे चालते, आणि टोकाशी पाते उलटताना ते पाठीवरच उलटवावयाचे असते. चामोट्यावरचे हे काम प्रत्येक दाढीपूर्वी, पथरीवरचे क्वचित. दाढीनंतर पाते पुसून, पावसाळ्यात त्यावर तेलाचा हात फिरवून ठेवावे, कारण हे पोलाद एका रात्रीत गंजते.

आमच्या भागातील पाण्याविषयी एक सूचना येथेच करून ठेवतो. विहिरींचे व बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी इतके जड आहे की त्यात साबणाला फेस येत नाही, आणि आला तरी लगेच बसतो. वाटीभर पाणी पिण्याच्या शुद्ध पाण्यातून घ्यावे आणि ते गरम करावे. फेसाचा निम्मा प्रश्न तेथेच मिटतो. साबण कोणताही चालतो. फेस मात्र पातळ व ओलसर हवा, कारण जाड फेसाखाली घड्या झाकल्या जातात.

आता ज्यांनी या वाटेस जाऊ नये त्यांच्याविषयी. ज्यांच्या हाताला कंप आहे, ज्यांना अधूनमधून भोवळ येते, ज्यांना जवळचे स्पष्ट दिसत नाही आणि भिंगाच्या आरशानेही दिसत नाही, त्यांनी उघडा वस्तरा हाती धरू नये. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या आज आमच्या पिढीत घरोघर आहेत. त्या घेणाऱ्याला लहानसा कापाही बराच वेळ वाहतो, तेव्हा त्याने आपल्या डॉक्टरांचा सल्ला प्रथम घ्यावा आणि गोळी मात्र स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. मधुमेह्याची जखम सावकाश भरते. तुरटी जवळ असावी, स्वच्छ फडके असावे, आणि दाढीस बसताना घाई नसावी. माझे असे स्पष्ट मत आहे की ज्याला सकाळी कोठे वेळेवर पोहोचावयाचे आहे त्याने त्या दिवशी वस्तरा उघडूच नये.

दुकानांतून अखंड पात्याचा वस्तरा गेला तो योग्यच झाला. एकाचे रक्त लागलेले पाते दुसऱ्याच्या मुखाला लागले तर कावीळ ब व क यांचे विषाणू, आणि एड्सचाही, पसरण्याचा धोका असतो. न्हावगंडासारखा त्वचेचा त्रास तर पूर्वी घरोघर माहीत होता. आज बारामतीच्या भिगवण चौकापासून इंदापूरच्या पेठेपर्यंत सर्वत्र अर्धे ब्लेड मोडून बसविण्याचा वस्तरा चालतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लागते. अखंड वस्तरा आता एकट्याच्या मालकीचा, घरच्या कपाटातलाच असावा. परंतु ब्लेड बदलले म्हणून डावा हात बदलत नाही. पथरी व चामोटे ही नव्या पिढीला अनावश्यक झाली. कातडी ताणण्याचे कसब तितकेच आवश्यक राहिले, आणि घाईच्या दुकानात तरुण गिऱ्हाइकांचीच रीघ असल्यामुळे ते शिकण्याची संधी तेवढी उणावली.

ही संधी वर्षातून एकदा आमच्या दोन्ही तालुक्यांत आपल्या पायांनी चालत येते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. तुकोबांच्या पालखीचा सोहळा उंडवडीहून बारामतीस येतो, काटेवाडीला परिटांनी अंथरलेल्या धोतरांच्या पायघड्यांवरून जातो, बेलवाडीचे रिंगण करून, निमगाव केतकी व इंदापूर येथे मुक्काम करून सराटीला नीरेच्या काठी पोहोचतो. या वाटेवर ठिकठिकाणी नाभिक बांधव वारकऱ्यांची दाढी विनामूल्य करतात. इंदापुरात अशा एका मांडवात मी पुष्कळ वेळ बसून राहिलो. समोर बसणारे बहुसंख्य वृद्ध शेतकरी. उन्हाने रापलेली, दात गेलेली, खोल घड्यांची मुखे, आणि त्यांवर कित्येक दिवसांचे पांढरे खुंट. दाढी करणाऱ्यांत पंचवीस-तीस वर्षांची मुले होती, आणि त्यांच्यामागे उभे राहून एक ज्येष्ठ कारागीर त्यांचे डावे हात दुरुस्त करीत होते: हे बोट वर घ्या, माउलींना मान वळवायला सांगा, आधी ओढा आणि मग टेकवा. वर्षभरात दुकानात जे शिकावयास मिळत नाही ते त्या एका दिवसात त्या मुलांच्या हातांवरून जात होते. केशकर्तनाचे जे अभ्यासक्रम आज निघाले आहेत त्यांत वृद्धाच्या मुखाचे प्रकरण स्वतंत्रपणे असावे, आणि ते शिकविण्यासाठी अशाच ज्येष्ठांना सन्मानाने पाचारण करावे, अशी माझी नाभिक संघटनांना आग्रहाची विनंती आहे.

या विनंतीमागे एक घरचे कारणही आहे. माझे थोरले बंधू इंदापूर तालुक्यात नीरेकाठच्या आमच्या मूळ गावी अंथरुणाला खिळलेले आहेत. तालुक्यात घरोघर असे वृद्ध आहेत. त्यांना दुकानात नेता येत नाही, दुकानातले कोणी फुरसतीने वस्तीवर येत नाही, आणि घरातली मुले भीतीपोटी त्यांच्या मुखाला पाते लावीत नाहीत. आठवड्यामागून आठवडे न झालेली दाढी ही आजाऱ्याला आपण आता माणसांत नाही असे सांगत राहते, हे दादांनी मला सांगितले तेव्हा मी ते मनावर घेतले. निजलेल्या माणसाची दाढी मला अण्णांनी निराळी शिकविली. उताणे निजल्यावर गालांची कातडी आपोआप कानांकडे जाते, त्यामुळे गाल सोपे होतात. मान मात्र अवघड होते, तेव्हा खांद्यांखाली टॉवेलची घडी द्यावी, पण ज्याला गिळताना ठसका लागतो त्याचे डोके मागे पाडू नये, उलट पाठीशी उशा देऊन त्याला अर्धवट बसवावे. वस्तरा अर्ध्या ब्लेडचाच घ्यावा आणि ब्लेड त्याच वेळी टाकून द्यावे. एका बैठकीत सारे मुख उरकण्याचा अट्टहास नसावा. सकाळी गाल, संध्याकाळी मान असे केले तरी चालते. दादांच्या नातवाला मी हे शिकविले आहे आणि तो आता माझ्यावाचून करतो. अण्णांच्या हाताखाली सराव चालू ठेवून, येत्या आषाढी वारीत इंदापूरच्या मांडवात त्या मुलांबरोबर बसून वारकऱ्यांची सेवा करण्याची परवानगी मी मागितली होती. ती मिळाली आहे. दाढीला बसणाऱ्या प्रत्येक माउलीचे वय माझ्यापेक्षा अधिक असावे, म्हणजे मुख कठीण मिळेल, एवढी अट अण्णांनी घातली असून ती मी मान्य केली आहे.